मोटर चालू होत नाही : मेंटेनन्स कामगाराने वीज हाताने कशी शिकावी

कारखान्यात मेंटेनन्सला असलेल्या माणसाला आज बेअरिंगही बदलावे लागते आणि कॉन्टॅक्टरही. आयटीआयमध्ये आपला ट्रेड फिटरचा असो की इलेक्ट्रिशियनचा, रात्रपाळीत कन्व्हेअर थांबला की हाक आपल्यालाच येते. म्हणून अनेक कारखाने यांत्रिक कामगारांनाही विजेचे शिक्षण देतात. पण ते बऱ्याचदा वर्गात बसवून, पडद्यावर चित्रे दाखवून उरकले जाते. ओहमचा नियम पाठ होतो, हाताला मात्र काहीच कळलेले नसते.

हे शिक्षण सरावाच्या बोर्डावर पायरीपायरीने कसे होते, ते आपण इथे पाहू. उदाहरण एकच घेऊ : तीन फेजची साधी इंडक्शन मोटर आणि तिचा डीओएल स्टार्टर, म्हणजे मोटरीला सुरुवातीपासून थेट पूर्ण व्होल्टेज देणारा स्टार्टर. लहान पंप, ब्लोअर, कन्व्हेअर यांवर बहुतेक ठिकाणी हाच असतो. तो नीट समजला की मोठ्या मोटरींचा स्टार-डेल्टा स्टार्टर अवघड जात नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. अशा सरावाने आपल्याला विजेची कामे स्वतंत्रपणे करण्याचा परवाना मिळत नाही. महाराष्ट्रात त्यासाठी तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, परवाना आणि त्यावर देखरेखीसाठी पर्यवेक्षक अशी रीतसर व्यवस्था आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम २०२३ साली नव्याने आले. त्यांनुसार कोणत्या कामाला कोणती व्यक्ती नेमली आहे हे कारखान्याने ठरवून नोंदवायचे असते. आपले नाव त्या यादीत कोणत्या कामापुढे आहे, हे शिक्षणाच्या पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

आता बोर्ड. प्लायवूडचा उभा फळा, त्यावर एमसीबी, फ्यूज, कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, हिरवे आणि लाल बटण, आणि खाली एक हॉर्सपॉवरची छोटी मोटर एवढे पुरते. फळ्याच्या सप्लायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. गळती झाली की क्षणात सप्लाय तोडणारा हा स्विच. दुसरी अट माझ्या मते तितकीच महत्त्वाची : बटणे आणि कॉइल यांचे कंट्रोल सर्किट छोट्या ट्रान्सफॉर्मरवरून २४ व्होल्टवर चालवावे. शिकणाऱ्याचा हात पहिल्या दिवसांत थरथरतो, प्रोब घसरतो. २४ व्होल्टवर घसरला तर फार तर फ्यूज जाईल. मोटरीच्या तीन फेजचा भाग मात्र ४१५ व्होल्टचाच असतो. तो पारदर्शक झाकणाखाली ठेवायचा आणि प्रशिक्षक शेजारी असेल तेव्हाच उघडायचा.

पहिली पायरी वायरिंगची नाही, सप्लाय बंद करण्याची आहे. लाल बटण दाबले म्हणजे मशीन बंद झाले, वीज नव्हे. कॉन्टॅक्टरच्या वरच्या तिन्ही स्क्रूंवर ४१५ व्होल्ट तसेच असतात. म्हणून आधी मुख्य आयसोलेटर, म्हणजे सप्लाय तोडणारा हँडलचा स्विच, बंद करायचा. त्याला आपले स्वतःचे कुलूप लावायचे आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. नाव, वेळ आणि काम लिहिलेला टॅग अडकवायचा. दोघे काम करत असतील तर कुलपेही दोन.

मग मशीनचे हिरवे बटण मुद्दाम दाबून पाहायचे. काहीच हलले नाही, तर आयसोलेटर बहुधा बरोबर पकडला आहे. बहुधा एवढ्यासाठी म्हणतो, की दुसऱ्याच कारणाने बंद पडलेले मशीनही हलत नाही. त्यामुळे खात्री मीटरनेच करायची.

इथे तीन वेळा मोजायचे असते. मीटर आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सप्लायवर लावून पाहा. मग आपल्या बंद केलेल्या टर्मिनलवर मोजा : तीन फेज एकमेकांत, प्रत्येक फेज आणि अर्थ, प्रत्येक फेज आणि न्यूट्रल. मग पुन्हा त्याच चालू सप्लायवर. मीटरची वायर आतून तुटलेली असेल किंवा सेल संपला असेल, तर तो जिवंत टर्मिनलवरही शून्य दाखवतो. तिसऱ्या मोजणीशिवाय त्या शून्यावर विश्वास ठेवता येत नाही. ही तिसरी मोजणी घाईत सर्वांत आधी गळते, आणि म्हणूनच प्रशिक्षकाने तिच्यासाठी हटून बसावे.

बंद करूनही वीज उरते अशा जागा ओळखून ठेवा. पॅनेलमध्ये इंटरलॉकची वायर दुसऱ्या पॅनेलमधून आलेली असते, पीएलसीला यूपीएसचा सप्लाय असतो, जनरेटर आपोआप सुरू होणारा असतो. पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या पॅनेलमधले कपॅसिटर सप्लाय गेल्यावरही भारलेले राहतात. व्हीएफडीमध्ये, म्हणजे मोटरीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमध्ये, आत जवळपास ५८५ व्होल्ट डीसी साठलेले असते. त्याच्या अंगावर किती मिनिटे थांबायचे ते छापलेले असते. तेवढे थांबायचे, मग मोजायचे.

अंगठी, कडे, गळ्यातली साखळी, घड्याळाचा धातूचा पट्टा हे सगळे बोर्डाजवळ येण्याआधी उतरवायचे. पायाखाली इन्सुलेटिंग रबर मॅट हवी. कुणाला शॉक बसलाच तर त्याला हाताने ओढायचे नाही, आधी सप्लाय तोडायचा. श्वास थांबला असेल तर १०८ ला फोन करायला दुसऱ्याला सांगून लगेच छातीवर दाब द्यायला लागायचे, मिनिटाला १०० ते १२० या गतीने. बोर्डावर बसण्याआधी याचाही पुतळ्यावर सराव झालेला असावा.

दुसरी पायरी मीटरची. आपल्याकडे स्क्रूड्रायव्हरसारखा निऑन टेस्टर प्रत्येकाच्या खिशात असतो आणि तो पेटला की ‘फेज आहे’ असे मानले जाते. टेस्टर फक्त काहीतरी व्होल्टेज आहे एवढेच सांगतो. किती आणि कुठून, ते सांगत नाही. तो पेटला नाही म्हणजे वीज नाही, असेही नाही. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहून लावला तर तो जिवंत वायरीवरही मंद दिसतो. त्याची मर्यादा पुढे सिंगल फेजिंगच्या वेळी आपल्याला फार स्पष्ट दिसेल.

मल्टिमीटरवर कॅट-३ आणि ६०० व्होल्ट किंवा त्याहून अधिक असे छापलेले पाहून घ्या. पॅनेलमध्ये अचानक येणारे व्होल्टेजचे झटके सोसण्याची ती मीटरची क्षमता आहे. रस्त्यावर मिळणारे स्वस्त पिवळे मीटर सरावाच्या २४ व्होल्टला चालतील, पॅनेलला नकोत.

मीटरच्या दोन चुका पुन्हा पुन्हा होतात. पहिली : करंट मोजून झाल्यावर लाल वायर १० अँपिअरच्या भोकातच राहते आणि नंतर त्याच मीटरने व्होल्टेज मोजायला जातात. त्या भोकात वायर असताना मीटर म्हणजे आतून जवळपास सरळ जोडलेली तार असते, त्यामुळे दोन फेजमध्ये धरताच शॉर्ट होतो. दुसरी : ओहम किंवा बझरवर ठेवलेला मीटर चालू सर्किटला लावणे. म्हणून वायर काढली की लाल टोक व्होल्टच्या भोकात आणि नॉब सर्वांत मोठ्या एसी व्होल्टवर, ही सवय सुरुवातीलाच लावायची. पॅनेलमध्ये करंट क्लॅम्प मीटरनेच मोजावा. त्यात वायर सोडवावी लागत नाही.

मग आपण मोजत बसायचे. आर, वाय, बी ही तीन फेजची नावे. आर-वाय, वाय-बी, बी-आर : सुमारे ४१५. प्रत्येक फेज ते न्यूट्रल : सुमारे २४०. न्यूट्रल ते अर्थ : शून्याजवळ. हे चांगले आकडे डोक्यात पक्के बसले की बिघडलेला आकडा लगेच खटकतो.

तिसरी पायरी जोडणीची. वायरचे इन्सुलेशन लगच्या, म्हणजे वायरच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोपणाच्या, नळीइतकेच सोलायचे, एकही तार तुटू द्यायची नाही. लगमध्ये वायर टोकापर्यंत गेली का ते पाहून क्रिम्पिंग टूलने दाबायची. पक्कडीने चेपलेली लग वरून छान दिसते आणि सहा महिन्यांनी काळी पडते. दाबून झाल्यावर ओढून बघायचे. मग टर्मिनलमध्ये घालून स्क्रू आवळायचा आणि पुन्हा एकदा ओढायचे.

ढिल्या जोडाला मी एवढे महत्त्व का देतो ते आकड्यात पाहा. जोडाचा अडथळा फक्त ०.१ ओहम झाला आणि त्यातून १५ अँपिअर गेले, तर १५ गुणिले १५ गुणिले ०.१, म्हणजे २२.५ वॅट उष्णता एका स्क्रूच्या टोकाशी सतत तयार होते. तिने इन्सुलेशन करपते, स्क्रू आणखी ढिला होतो, उष्णता आणखी वाढते. भोसरी-चिंचवड पट्ट्यात अनेक कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. त्या दिवशी सप्लाय बंद करून पॅनेलचे स्क्रू आवळण्याचे काम शिकणाऱ्याला द्यावे. कोणता स्क्रू किती सैल निघतो हे त्याच्या हाताला कळते.

चौथ्या पायरीला ड्रॉइंग समोर घ्यायचे. त्यात दोन सर्किटे असतात. पॉवर सर्किट म्हणजे मोटरीला जाणारा जाड वायरींचा रस्ता : एमसीबी, कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड, मोटर. कंट्रोल सर्किट म्हणजे कॉन्टॅक्टरला हुकूम देणारा बारीक वायरींचा रस्ता.

कंट्रोलचा रस्ता बोटाने गिरवायचा. फ्यूजमधून निघून ओव्हरलोडच्या ९५-९६ या बंद संपर्कातून, तिथून लाल बटणाच्या बंद संपर्कातून, मग हिरव्या बटणाच्या उघड्या संपर्कातून कॉइलच्या ए१ ला, आणि ए२ वरून परत ट्रान्सफॉर्मरच्या शून्य टोकाला. हिरवे बटण दाबले की रस्ता पूर्ण होतो, कॉइल चुंबक बनते आणि कॉन्टॅक्टर खाली बसतो.

बटणावरून बोट काढल्यावरही मोटर चालू कशी राहते? कॉन्टॅक्टरला १३-१४ असा एक जादा संपर्क असतो. तो हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो आणि कॉन्टॅक्टर बसला की बंद होतो. दार लोटताच आतून कडी आपोआप लागावी, तसे हे काम आहे. लाल बटण ती कडी काढते. सप्लाय गेला तरी कडी सुटते, आणि सप्लाय परत आल्यावर मोटर आपणहून सुरू होत नाही. ही सोय कामगाराच्या जिवासाठी आहे. म्हणून १३-१४ ला कायमची वायर मारून ‘जुगाड’ करणाऱ्याला बोर्डावरच थांबवले पाहिजे.

पाचव्या पायरीला बोर्ड स्वतः जोडायचा. सप्लाय देण्याआधी थंड तपासणी करायची, तीही कुलूप लावलेले असताना. कंट्रोल फ्यूज काढून ठेवा. ओहमवरचा मीटर फ्यूजच्या पुढच्या टोकाला आणि कॉइलच्या ए२ ला लावा. काहीच न दाबता मीटर उघडे सर्किट दाखवेल. हिरवे दाबले की कॉइलचे ओहम दिसतील. हिरवे दाबून धरून लालही दाबले की पुन्हा उघडे. आता बटणे सोडून कॉन्टॅक्टरचा मधला भाग हाताने आत ढकला : पुन्हा कॉइलचे ओहम दिसले म्हणजे १३-१४ बरोबर जोडला आहे. एवढे जमले तर जोडणीतल्या बहुतेक चुका वीज न देताच सापडतात.

मग मोटर सुरू करायची आणि फिरण्याची दिशा पाहायची. उलटी फिरली तर कोणत्याही दोन फेज अदलाबदल करायच्या, अर्थात सप्लाय बंद करून. प्रत्यक्ष पंपावर हे कपलिंग सोडवून करावे.

ओव्हरलोड रिलेची डायल मोटरीच्या प्लेटवर लिहिलेल्या अँपिअरवर ठेवायची. प्लेटवर ११ असेल तर ११. रिले वारंवार ट्रिप होतो म्हणून डायल १४ वर नेली की ट्रिपिंग थांबते, आणि काही दिवसांनी मोटर रिवाइंडिंगला जाते. रिले तक्रार करतोय तर बेअरिंग, बेल्टचा ताण, अडकलेला माल, कमी व्होल्टेज हे आधी पाहायचे. स्टार-डेल्टात मोटरीच्या सहा वायरींपैकी तीनवर रिले असेल, तर डायल प्लेटच्या ०.५८ पट ठेवतात. २० अँपिअरच्या मोटरीला ११.६.

रिसेट हाताचा ठेवायचा की आपोआप? फ्लोट स्विचवर चालणाऱ्या पंपाला तो आपोआपवर ठेवला, तर रिले थंड होताच पंप अचानक सुरू होतो, आणि त्या वेळी कुणाचा तरी हात कपलिंगवर असू शकतो. हाताचाच ठेवा.

आता खरा भाग. प्रशिक्षकाने बोर्डात गुपचूप बिघाड करायचा आणि आपण तो शोधायचा. संपूर्ण शिक्षणात यासाठी सर्वांत जास्त वेळ द्यावा असे मला ठामपणे वाटते. जोडणी पुस्तक पाहूनही करता येते. बिघाड शोधायला क्रम लागतो, आणि तो क्रम हातात मुरायला वेळ लागतो.

क्रमाची सुरुवात मीटरने होत नाही. आधी ऑपरेटरला विचारायचे : एकदम बंद पडले की घरघर करत? याआधी काही केले होते का? मग नाक आणि डोळे. जळका वास, काळा पडलेला स्क्रू, रिलेचे बाहेर आलेले ट्रिप बटण. बरेच बिघाड इथेच सापडतात.

पहिला फॉल्ट सोपा : हिरवे बटण दाबले तोवरच मोटर चालते, बोट काढले की थांबते. कॉइल, बटणे, मोटर सगळे ठीक आहे, हे या एका लक्षणानेच सांगितले. उरतो फक्त १३-१४ चा रस्ता. नवशिके इथे सरसकट कॉइल बदलायला निघतात.

दुसरा फॉल्ट : काहीच होत नाही. फ्यूजपासून कॉइलपर्यंत सात-आठ टर्मिनले आहेत. एकेक मोजत जाण्यापेक्षा मध्यावर मोजायचे. काळा प्रोब ट्रान्सफॉर्मरच्या शून्य टोकावर स्थिर ठेवा, लाल प्रोब लाल बटणाच्या बाहेरच्या टोकावर. २४ व्होल्ट आले तर मागचा अर्धा रस्ता चांगला, बिघाड पुढे. नाही आले तर मागे. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करायचे. हिरव्या बटणाच्या पुढे मोजताना बटण कुणीतरी दाबून धरलेले असावे, हे विसरले जाते आणि चांगल्या बटणावर आळ येतो. ए१ ला २४ मिळत असतील पण ए१-ए२ दरम्यान काहीच नसेल, तर परतीची वायर तुटली आहे. ए१-ए२ ला २४ आहेत आणि तरी कॉन्टॅक्टर हलत नाही, तेव्हाच कॉइलकडे वळायचे.

यातला एक फसवा प्रकार मुद्दाम करून पाहावा. ९६ नंबरच्या स्क्रूखाली तांब्याऐवजी वायरचे इन्सुलेशन दाबून टाकायचे. वायर ओढून पाहिली तर घट्ट लागते. लाल प्रोब स्क्रूच्या डोक्यावर टेकवला तर २४ व्होल्ट दिसतात. त्याच वायरचे दुसरे टोक, लाल बटणाकडचे, मात्र मेलेले. दिसायला एकच असलेली वायर दोन्ही टोकांना मोजायची असते, हे आपण असे एकदा पाहिल्यावर सांगावे लागत नाही.

तिसरा : कॉन्टॅक्टर बसतो पण खडखडतो. कंट्रोलचे व्होल्टेज कमी आहे का ते आधी. नसेल तर सप्लाय बंद करून कॉन्टॅक्टर उघडायचा आणि लोखंडी तोंडांवर बसलेली धूळ, तेल पुसायचे. तिथेच तांब्याची एक बारीक कडी असते. ती तुटली तरी एसी कॉइलचा असाच आवाज होतो.

चौथा सर्वांत महत्त्वाचा, सिंगल फेजिंग, म्हणजे तीनपैकी एक फेज जाणे. प्रशिक्षक सप्लाय बंद करून बी फेजचा फ्यूज काढतो आणि मोटर सुरू करतो. मोटर गुणगुणते, फिरत नाही. मोजणी पटकन उरकून काही सेकंदांतच ती बंद करायची, नाहीतर वाइंडिंग जाईल. मोटरीच्या टर्मिनलवर निऑन टेस्टर लावला तर तिन्हींवर पेटतो, कारण चालू दोन फेजची वीज वाइंडिंगमधून मेलेल्या टर्मिनलपर्यंत येते. मीटर मात्र आर-वाय ४१५ दाखवतो, आणि वाय-बी, बी-आर जेमतेम २०७. निम्मे. हा निम्मा आकडा दिसला की फेज गेला.

मोटर फिरत असताना फेज गेला तर काम आणखी फसवे. हलक्या लोडवरची मोटर फिरतच राहते आणि स्वतःच त्या टर्मिनलवर व्होल्टेज तयार करते. मीटरवरही तिन्ही आकडे चांगल्याच्या जवळपास दिसतात. इथे क्लॅम्प मीटर लागतो. एका वायरीत करंट शून्य, उरलेल्या दोनमध्ये तोच लोड ओढण्यासाठी सुमारे पावणेदोनपट. म्हणून शंकेच्या मोटरीवर तिन्ही वायरींचा करंट मोजल्याशिवाय व्होल्टेजवरून निकाल द्यायचा नाही.

शेवटची चाचणी मेगरची. वाइंडिंग आणि मोटरीचे अंग यांत गळती आहे का, ते हा मीटर ५०० व्होल्ट डीसी देऊन पाहतो. मोटरीच्या वायरी स्टार्टरमधून सोडवायच्या. व्हीएफडी जोडलेला असताना मेगर मारला तर ड्राइव्हचे इलेक्ट्रॉनिक्स जाते, आणि ही चूक महागात पडते. एक मिनिट थांबून आकडा घ्यायचा. चांगली मोटर शेकडो मेगाओहम दाखवते, एकाच्या खाली असेल तर ती चालू करायची नाही. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्यावर पडून राहिलेली स्टँडबाय मोटर ओलाव्यामुळे हमखास कमी दाखवते. ती सावकाश गरम करून वाळवली की बऱ्याचदा आकडा वर येतो. चाचणीनंतर वाइंडिंग अर्थला टेकवून त्यातला साठा काढून टाकायचा.

यानंतर आपण शॉप फ्लोअरवर जायचे, तेही सुरुवातीला अनुभवी इलेक्ट्रिशियनच्या सोबतीने. तिथे बोर्ड नाही, खरे मशीन आहे. त्याचे ड्रॉइंग पॅनेलच्या दारात आहे का आणि ते आजच्या वायरिंगशी जुळते का, हे आधी पाहायचे. मधल्या काळात कुणीतरी लिमिट स्विच बायपास केलेला असतो, वायरींचे नंबर बदललेले असतात. सापडलेला फरक पेन्सिलीने ड्रॉइंगवर लिहायचा, आणि पाळी संपताना पुढच्या पाळीच्या इलेक्ट्रिशियनला दाखवायचा.

सरावाचा बोर्ड मात्र मोडून ठेवू नका. मेंटेनन्स रूमच्या कोपऱ्यात तो कायम असावा आणि दर आठवड्याला कुणीतरी त्यात नवा फॉल्ट घालावा. फॉल्ट कुठे घातला ते चिठ्ठीवर लिहून पाकीट बंद करायचे. शोधणाऱ्याने नुसती जागा सांगून भागणार नाही. कोणत्या क्रमाने मोजले आणि प्रत्येक ठिकाणी मीटरने काय दाखवले ते वहीत लिहून दाखवले, की मग पाकीट फोडायचे.